कागद सपाट असतो

हार्लिंगन, १७ मे

प्रिय हिस्के,

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, हे मला तुझ्या बहिणीने सांगितलं. गात्स्केने ते इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं, मीच आजारी आहे. म्हणून हा कागद. तिच्या पत्त्यावर टाकतो आहे, दुपारच्या बोटीने बेटावर पोचेल.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी शिडं शिवायची सुई आणि मेणाचा गोळा खिडकीत होता तसाच आहे, मी हात लावलेला नाही. मांजर तुझ्या खुर्चीत झोपतं आणि उठवलं की माझ्यावरच फिसकारतं. राय धान्याचा पाव मी अजून तिघांचा आणतो. बेकरीतली बाई न विचारता तेवढाच बांधून देते.

ते जाऊ दे. मी कामाचं लिहायला बसलो आहे.

परवा मुलांचा रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर झाला. व्यायामशाळेत नेहमीसारखी टेबलं मांडली होती. फेब्रुवारीत त्या वळणाऱ्या ट्रकला सायकलवरची आपली पोर दिसली नाही, त्यानंतर शाळेने यादीतून मारितचं नाव काढलं. यादीप्रमाणे टेबलं लागतात, त्यामुळे तिचं टेबल नव्हतं. रांगेत जागाही मोकळी ठेवलेली नव्हती. मी सकाळी मुलं यायच्या आधी जाऊन बघून आलो. का गेलो, विचारू नकोस.

स्वतःच्या विषयाच्या पेपरला शिक्षकाने आत फिरकायचं नसतं, म्हणून देखरेखीला टेर्पस्ट्रा होते. तेच, बोटीवरचे निवृत्त कप्तान. दर मे महिन्यात त्यांना शाळेत बोलावतात, आणि ते व्यायामशाळेत असे येरझारा घालतात की जणू वादळात डेकवर उभे आहेत.

आणि पेपरात आला कोण, तर आपला जुना मित्र, डायक्लोरोमिथेन. तुला हे तोंडपाठ आहे, माझ्या आणि मारितच्या वादात तुझं सूप किती वेळा गार झालं. मध्ये एक कार्बन, त्याला चिकटलेले दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरीन. रेणूचा आकार सांगा आणि त्यावरून तो ध्रुवीय की अध्रुवीय ते ठरवा. दर वर्षी अर्धा वर्ग इथे आपटतो. मुलं कागदावर अधिकचं चिन्ह काढतात, एक क्लोरीन वर लिहितात, एक खाली. क्लोरीन ओढणारा प्राणी. एक वर ओढतोय, एक खाली, दोघांची ओढ सारखी, फिटंफाट झाली, म्हणजे रेणू अध्रुवीय. चित्र पाहून कोणालाही पटेल. आणि साफ चूक.

यंदा कोणी आपटलं नसावं. पण झालं वेगळंच. त्या प्रश्नापाशी पोचल्यावर मारितच्या मैत्रिणीने, इफ्केने, दोन्ही हात तिरपे वर केले, एक डावीकडे, एक उजवीकडे. टेबलाखाली एक पाय पुढे घेतला, एक मागे. क्षणभर तशी बसली, मग लिहायला लागली. मग शूर्डने तेच केलं. मग मागच्या रांगेत आणखी कोणी. टेर्पस्ट्रांची चाळीस वर्षं समुद्रावर गेली आहेत, झेंड्यांनी बोलायची बाराखडी त्यांच्या हाडात आहे. दोन्ही हात तिरपे वर म्हणजे त्यांच्या लेखी एक अक्षर. एकामागून एक पोरं तेच अक्षर दाखवताहेत म्हटल्यावर त्यांनी सरळ तक्रार लिहिली, 'वर्गाने ठरवून खुणा केल्या.'

हसू नकोस. किंवा हस, मला ऐकू येणार नाही. पण तक्रार खरी ठरली तर त्या मुलांचा पेपर रद्द होईल.

ती खूण कोणाची हे तुला माहीत आहे. मारितने ती बांधावर काढली, त्या दिवशी तू तिचं चित्रीकरण केलंस. ते तुझ्याच फोनवर आहे. खूण परीक्षेसाठी ठरवलेली नाही, वर्षभर जुनी आहे, हे त्यात दिसेल. ते पाठवशील? मला पाठवायचं नसेल तर थेट शाळेला पाठव. गात्स्केच्या फोनवरून पाठव.

बाकी काही मागत नाही.

रिन्से


हार्लिंगन, २१ मे

हिस्के,

उत्तर नाही. बरं.

काल टेर्पस्ट्रा घरी आले होते. कुत्र्यासकट. टोपी काढून दारातच उभे.

"मास्तर, माझा तुमच्यावर राग नाही," म्हणाले. "पण नियम तो नियम. बोटीवर कोणी हात हलवला की मला विचारावं लागायचं, बुडतोयस की टाटा करतोयस."

मी म्हटलं, "कप्तान, आत या. कॉफी घ्या."

"खुणा होत्या का नव्हत्या, एवढं सांगा."

"होत्या. पण एकमेकांना नव्हत्या."

"मग कोणाला?"

मी म्हणालो, शाळेत बैठक आहे, तिथे समजावून सांगतो. कॉफी त्यांनी घेतली, बिस्कीट एकच घेतलं, कुत्र्याने तीन खाल्ली. जाताना दिवाणखान्यातल्या मारितच्या फोटोसमोर थांबले. "ही बोटीवरच्या उपाहारगृहात असायची ना? मटारचं सूप वाढताना हिचा हात सढळ होता," म्हणाले आणि गेले. ही तुमची मुलगी का, असं नाही विचारलं. सगळ्या गावाला माहीत आहे.

'समजावून सांगतो.' हे लिहिताना तू माझ्या मागे उभी आहेस असं वाटलं. ईस्टरनंतर तू बॅग भरताना हेच म्हणाली होतीस. "तुला रडता येत नाही रिन्से, तुला फक्त समजावून सांगता येतं." आणि मग त्या ड्रायव्हरचं बोललीस.

तर आता तेही लिहून टाकतो, समोरासमोर तू बोलू दिलं नाहीस. तो माणूस आपल्या दारात आला तेव्हा घंटी न वाजवता पायरीवर उभाच राहिला होता. बावीस-तेवीसचा असेल. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, मी बघितलं होतं, मी आरशात बघितलं होतं. मी कागद घेतला. चौक काढला, ट्रक काढला, आरशातून कुठवर दिसतं त्या रेषा काढल्या, आणि मारितची सायकल जिथे होती तिथे ठिपका दिला. त्याला दाखवलं, की ती ज्या जागी होती ती जागा कुठल्याच आरशात येत नाही. तू बघितलंस, तरी तुला दिसली नसती. तो पोरगा तो कागद घेऊन गेला. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. त्या रात्री विचारलंस, "त्याला तू कागद काढून दिलास. मला काय दिलंस?"

त्या पोराला मी ते समजावलं याचा मला आजही पस्तावा नाही. त्याला जगायचं आहे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी सोमवारी शाळेत गेलो, कारण वर्गात काय बोलायचं ते मला माहीत असतं. घरात माहीत नव्हतं. तू रडायचीस आणि मी बटाटे सोलायचो. आपल्या घरात महिनाभर इतके बटाटे कोणी खाल्ले कोण जाणे.

बैठक शुक्रवारी आहे. चित्रीकरण पाठव, हिस्के. मुलांसाठी मागतो आहे.

रिन्से


हार्लिंगन, २५ मे

प्रिय हिस्के,

बैठक झाली. मुख्याध्यापिका किंग्मा बाईंच्या खोलीत, त्या, टेर्पस्ट्रा, मी, आणि मुलांतर्फे इफ्के. इफ्के बारीक झाली आहे. तिचे केस तिने मारितसारखे कापून घेतले आहेत. पाठमोरी दिसली आणि मी किंग्मा बाईंचं दार सोडून तिच्या मागे चालत गेलो.

किंग्मा बाईंनी विचारलं, "रिन्से, हा नक्की काय प्रकार आहे? कप्तान म्हणतात खुणा, मुलं म्हणतात रेणू."

मी सवयीने कागद ओढला. अधिकचं चिन्ह काढलं, मध्ये कार्बन, वर क्लोरीन, खाली क्लोरीन. म्हटलं, "हे चित्र पाहिलं की वाटतं, दोघं समोरासमोर आहेत, त्यांची ओढ एकमेकांना खोडते. प्रत्यक्षात कार्बनचे चार हात कागदावर मावत नाहीत, ते चार दिशांना, म्हणजे..." आणि पुढे मला शब्दच सुचेना. पंचवीस वर्षं मी हे वाक्य पूर्ण करतो आहे.

इफ्केने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "सर, कागद नको," म्हणाली. "मारितने दाखवलं तसं दाखवते."

ती किंग्मा बाईंच्या गालिच्यावर उभी राहिली. एक पाय पुढे, एक मागे. हात वर, डावीकडे आणि उजवीकडे. "माझं पोट म्हणजे कार्बन. पाय म्हणजे हायड्रोजन. हात म्हणजे क्लोरीन. आता बघा, दोन्ही क्लोरीन एकमेकांसमोर आहेत का? नाहीत. दोघं वरच आहेत, एकाच बाजूला. डावी-उजवी ओढ खोडली जाते, पण वरची ओढ कोण खोडणार? सगळं वर ओढलं जातं. ध्रुवीय." मग हात खाली घेऊन कप्तानांना म्हणाली, "परीक्षेत प्लॅस्टिकचे गोळे न्यायला बंदी आहे. स्वतःचं अंग न्यायला बंदी आहे का?"

टेर्पस्ट्रांनी गालिच्यावरून नजर उचलली. मग म्हणाले, "हे त्या सूपवाल्या मुलीने शोधलं?"

"हो," इफ्के म्हणाली. "ती म्हणायची, कागद सपाट असतो, मी नाही."

किंग्मा बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी त्या कागदाची घडी करत होतो, इतकी बारीक की पुढे घडी होईना. हिस्के, मारित गेल्यापासून तिचं नाव माझ्यासमोर एवढ्या मोकळेपणाने कोणीच घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तू घ्यायचीस, तेव्हा मी खोलीतून उठून जायचो, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

बाई विचार करून निर्णय सांगणार आहेत. पुरावा असेल तर बरं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून परत मागतो आहे. छोटंसं तर आहे ते. मला आठवतं त्याप्रमाणे मिनिटभराचंही नसेल. बांध, मेंढ्या, वारा, आणि ती.

रिन्से


हार्लिंगन, ३ जून

प्रिय हिस्के,

काल बोटीच्या धक्क्यावर गेलो होतो. तिकीट नाही काढलं. तू येऊ नकोस म्हणाली होतीस, आणि मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. हे मी गुण म्हणून सांगत नाही. बोट गेली, मी मासळीच्या टपरीवर भाजलेला मॅकरेल खाल्ला, घरी आलो.

पेपर तपासून झाले. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडे गेले, म्हणजे मी कोणाला जास्त गुण दिले का ते तो बघणार. यंदा ते लिम्बर्गकडच्या कुणा गृहस्थांकडे गेले आहेत. आवाजावरून साठीचे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आज त्यांचा फोन आला.

"तुमचा वर्ग मोठा मजेदार आहे हो," म्हणाले. "त्या डायक्लोरोमिथेनच्या प्रश्नाला निम्म्या पोरांनी रेणूच्या जागी माणूस काढलाय. हात वर, पाय फाकलेले. एकाने तर त्याला टोपी घातलीय. मी गुण देऊ की डॉक्टर बोलावू?"

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "गुण द्या. बाजूला उत्तर लिहिलंय ना, ते बरोबर आहे."

"उत्तर तर सगळ्यांचं बरोबर आहे. म्हणून तर फोन केला. तीस वर्षं तपासतोय, या प्रश्नाला सगळा वर्ग पास झालेला पाहिला नाही. कागदावर काढलं की पोरं फसतात. हे शिकवलं कोणी, तुम्ही?"

"नाही. माझ्या मुलीने."

"तीही शिक्षिका आहे?"

"नाही. याच वर्गात..." एवढं म्हणून मी थांबलो.

त्यांना वाटलं, तिचा पेपर त्या गठ्ठ्यातच आहे. "वा! मग नाव सांगू नका, नाहीतर मी पक्षपात करीन," म्हणाले. "पण तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. नक्की सांगा हं. अशी पोरं रोज नाही भेटत."

मी म्हटलं, "सांगतो."

मग त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचं काढलं. तिसऱ्याचं. एका मुलाचा एक गुण आम्ही घासाघीस करून वाढवला. मी सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि फोन ठेवला.

सांगतो, म्हणालो मी. हिस्के, मी कुणाला सांगू?

तिच्या खोलीत गेलो. शाळेची बॅग खुंटीला आहे तशीच आहे. उभ्याने सांगितलं. "लिम्बर्गच्या एका सरांनी तुला शाबासकी दिली आहे." बाहेर शेजारी हिरवळ कापत होता. मी दार लावून घेतलं.

हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. तुलाच सांगतो आहे, आणि तू हे पाकीट उघडतेस की नाही तेही मला माहीत नाही.

ते चित्रीकरण पाठव. कृपा कर.

रिन्से


हार्लिंगन, १२ जून

माझ्या हिस्के,

ते आलं. काल संध्याकाळी, गात्स्केच्या फोनवरून. खाली तू एकच ओळ लिहिली आहेस, 'मुलांच्या कामी आलं तर बरं.'

तर आधी खरं सांगतो. मुलांच्या कामी ते लागणारच नव्हतं. प्रकरण त्या बैठकीतच मिटलं होतं. इफ्केने हात खाली घेतले तेव्हाच टेर्पस्ट्रांनी आपली तक्रार मागे घेतली. म्हणाले, "बाई, मी चुकलो. पोरं कोणाला खुणा करत नव्हती, एका पोरीची आठवण काढत होती. त्याला बंदी घालणारा नियम मी तरी वाचलेला नाही." किंग्मा बाईंनी तक्रारीचा कागद फाडला आणि आम्हा सगळ्यांना कॉफी दिली. बाई निर्णय सांगणार आहेत, असं मी तुला त्याच संध्याकाळी लिहिलं ते खोटं. तीन तारखेला 'कृपा कर' लिहिलं तेव्हा मुलांचा प्रश्नच उरला नव्हता. माझा होता.

मला तिचा आवाज ऐकायचा होता. फोटो आहेत, फोटोंची कपाटं भरली आहेत, पण आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मी कधी तिचं चित्रीकरण केलं नाही, मी नेहमी तिला काहीतरी समजावत असायचो. आणि तुझा आवाज. तोही या घरातून गेला आहे. दोन्ही एकाच जागी आहेत हे मला माहीत होतं. सरळ मागितलं असतं तर तू दिलं नसतंस, म्हणून मी मुलांना पुढे केलं. तुझा राग आणखी वाढला तर तो रास्त आहे.

आता ऐक, त्यात काय आहे. तू ते परत बघितलं नसशील असं मला वाटतं.

वारा प्रचंड आहे. ती बांधावर उभी आहे, निळं जाकीट, केस तोंडावर. मागे मेंढ्या. तू कुठेच दिसत नाहीस, फोन तुझ्या हातात आहे ना. सुरुवातीला मी बोलतोय. बाहेरून, कुठूनतरी बाजूने, नुसता मी. "मारित, असं बघ, कागदावर जर क्लोरीन इथे असेल, तर..." अर्धं चित्रीकरण माझ्या बोलण्यात गेलं आहे, हिस्के. ती हातात वही धरून उभी आहे, रडकुंडीला आलेली, चाचणीत त्याच प्रश्नाला शून्य मिळालं होतं ना. आणि मी बोलतोच आहे.

मग तुझा आवाज येतो. अगदी जवळून, वाऱ्यापेक्षा मोठा. तू म्हणतेस, "अरे, पुरे कर रिन्से. कागद सपाट असतो, पोर नाही."

मारित हसते. वही गवतात फेकते, तुझ्याकडे, आईकडे, वळून म्हणते, "हो ना मेम! कागद सपाट असतो, मी नाही!" आणि मग ती पाय पुढेमागे करते, हात वर करते, वारा तिला मागे ढकलतो, ती तोल सावरते आणि माझ्याकडे, बापाकडे, वळून ओरडते, "हाइत! बघ! मी डायक्लोरोमिथेन! सगळं वर ओढलं जातंय!"

ते वाक्य तुझं होतं.

मी ते इफ्केकडून ऐकलं तेव्हा मारितचं म्हणून ऐकलं. वर्गात वर्षभर पोरं ते म्हणताहेत, मारितचं म्हणून. मी तिथेच उभा होतो, तुझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. मी पुढचं वाक्य जुळवत असणार. तू म्हणालीस, तिने उचललं, आणि त्यातून तिला तो सगळा खेळ सुचला. माझ्या पंचवीस वर्षांच्या शिकवण्यातून नाही. याचं मला वाईट वाटत नाही. तू तिथे होतीस आणि मी तुला ऐकलं नाही, याचं वाटतं. तेव्हाच नाही, नंतरही.

शेवटी ती म्हणते, "हाइत, आता तू कर." आणि मी म्हणतो, "माझा गुडघा दुखतोय, नंतर कधीतरी." तू म्हणतेस, "म्हातारा झाला ग तुझा बाप." मग तू फोन खाली करतेस, गवत दिसतं, तिचे बूट दिसतात, आणि संपतं.

नंतर कधीतरी.

मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग खुर्चीत बसलो, मांजराच्या अंगावर बसलो असतो, ते वेळीच उठलं. आणि हिस्के, मग रडू आलं. मला थांबवता आलं नाही आणि थांबवावंसंही वाटलं नाही. शेजाऱ्याने भिंतीवर टकटक केली, रिन्से, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझी मुलगी गेली. जसं काही आजच कळलं. मला वाटतं मला आजच कळलं. मला 'हाइत' म्हणणारं या जगात कोणी उरलेलं नाही. तू हे फेब्रुवारीत एकटीने सोसलंस, आणि मी शेजारी बसून बटाटे सोलत होतो.

आज निकाल लागला. सगळी पास. आपल्या गल्लीत पास झालेल्यांच्या चार घरांवर रिवाजाप्रमाणे झेंडे लागले आहेत, काठीच्या टोकाला शाळेच्या बॅगा लटकताहेत. शूर्डच्या बॅगेतून अजून जिमचा बूट लोंबतोय. आपल्या घरावर काही नाही. इफ्के विचारायला आली होती, मारितची बॅग आमच्या काठीवर माझ्या बॅगेशेजारी लावू का? मी म्हटलं, मला एकट्याला सांगता येणार नाही. तिच्या मेमला विचारावं लागेल. इफ्के म्हणाली, "मग विचारा की, सर. मी थांबते."

संध्याकाळी बांधावर गेलो. त्याच जागी. मेंढ्या होत्या, त्याच की दुसऱ्या कुणास ठाऊक. बेटाकडून येणारी बोट लांबवर दिसत होती. मी पाय पुढेमागे केले. गुडघा खरंच दुखतो ग. हात वर केले, एक तुझ्या बेटाकडे, एक आपल्या घराकडे. तसाच उभा राहिलो. टेर्पस्ट्रा कुत्रा घेऊन आले, थोड्या अंतरावर थांबले, आणि टोपी काढली. काही विचारलं नाही. बोट बंदरात शिरेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आलो, की कागदावर जे समोरासमोर दिसतात ते खरे शेजारी असतात. आपलंही कागदावर बघितलं तर तू तिकडे, मी इकडे, मध्ये समुद्र. आणि मी तुला कागदच पाठवत बसलो.

उद्या सकाळच्या पहिल्या बोटीने येतो आहे, हे पाकीट स्वतःच घेऊन. आत घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस, मी दारात उभा राहीन, तो पोरगा उभा होता तसा. बॅगेचं काय करायचं ते तू सांग. मला काही समजावून सांगायचं नाही. पेन्सिल घरी ठेवली आहे.

रिन्से